रुजवात कुणी घेतली?

हुशार यंत्राच्या चुकीने कुणाचं नुकसान झालं, तर कायद्याने धरायचं कुणाला? बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला की वापरणाऱ्याला? चंदीगडमध्ये मी कायदा शिकवते आणि गेली काही वर्षं याच प्रश्नावर लिहिते. माझा लाडका मुद्दा असा, की ‘तपासलं’ हे बटण दाबायला लावून कंपन्या सगळी जबाबदारी वापरणाऱ्याच्या गळ्यात मारतात. तावातावाने मांडते मी तो, समोरचा कंटाळेपर्यंत.

मध्यंतरी अण्णा, माझे वडील, कराडहून आमच्याकडे राहायला आले. त्यांची सगळी नोकरी कोर्टाच्या नकला देण्यात गेली. नकलेवर दोन सह्या लागत, एक नक्कल करणाऱ्याची आणि दुसरी रुजवात घेणाऱ्याची. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत ताडून बघायचं. अण्णांनी न बघता सही केली असं कुणी दाखवून द्यावं, मी पैज हरायला तयार आहे!

मोतीबिंदूमुळे आता त्यांना पाकिटावरची अक्षरं दिसेनात. म्हणून मी त्यांच्या मोबाइलमध्ये एक ॲप घातलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दिला की ते गोळ्यांचं वेळापत्रक करतं आणि वेळेवर बोलून सांगतं. अण्णा म्हणाले, “हा कोण परका बोलतोय घरात?” मग मी त्यात माझाच आवाज भरला. “अण्णा, शुगरची एक गोळी घ्या आणि लगेच जेवायला बसा.” हुबेहूब मी!

पुढच्या भेटीत, साखर फार उतरतेय म्हणून, डॉक्टरांनी ती गोळी अर्धी केली. मी नव्या चिठ्ठीचा फोटो काढला, त्यात शेजारची जुनी चिठ्ठीही आली. ॲपने जुनीच वाचली, एक गोळी कायम ठेवली आणि विचारलं, ‘तपासलं?’ मला तासाला उशीर होत होता. दाबलं बटण.

चौथ्या दिवशी सेक्टर २२च्या बाजारात अण्णांना दरदरून घाम फुटला आणि ते खालीच बसले. एका लस्सीवाल्याने “बाऊजी, बाऊजी” करत गोड लस्सी पाजली, म्हणून निभावलं. इस्पितळात मी नुसती तणतणत होते. “केस ठोकते कंपनीवर! सोडते की काय!”

अण्णा पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, “रुजवात कुणी घेतली?”

“मी,” मी म्हटलं. “म्हणजे... नाही घेतली.”

अण्णांनी चादर ओढून घेतली आणि डोळे मिटले. रागावले असते तर बरं वाटलं असतं मला.

माझा मुद्दा अजूनही खरा आहे, कंपनीला मी सोडणार नाही. पण घरी आल्यावर लेखाची फाइल उघडायची लाजच वाटली. त्याऐवजी अण्णांजवळ बसले, चिठ्ठी मोठ्याने वाचत गेले आणि वेळापत्रकावर बोट फिरवत गेले. ते प्रत्येक ओळीला “हं, पुढं” म्हणत होते. अर्ध्या गोळीपाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“हे ठाऊक होतं मला. डॉक्टरांनी गोळी मोडून हातावर ठेवली होती माझ्या.”

“अहो अण्णा, मग अख्खी का घेत होता रोज?”

“तू सांगत होतीस ना,” अण्णा म्हणाले. “म्हटलं, पोरीनं बघितलं असंल.”