चौथ्या फेरीचं तांबं

सुगंधाबाई चंद्रपूरच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. सातवी शिकलेल्या. रोज सकाळी घरी पंचशील म्हणून मगच निघायच्या. तेरा वर्षांत त्यांच्या हातून काचेची भांडी फुटली असतील तर दोन. स्वच्छतेचा त्यांना फार अभिमान, आणि त्यानंच घात केला.

१९८६ साली उराडे सरांनी एक काम हाती घेतलं होतं. नायट्रोजन कार्बनला जोडायचा तर नुसतं तापवून भागत नाही, मधे एखादा धातू लागतो. तो स्वतः संपत नाही, जोडणी तेवढी घडवून आणतो. महागडे धातू कॉलेजला परवडणारे नव्हते, म्हणून सर साधी तांब्याची भुकटी वापरत. काम झालं की बाईंनी ती गाळायची, पाण्यानं नि स्पिरिटनं धुवायची, वाळवायची. मग तीच पुन्हा. दुसरं काही लावायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं. एकच तांबं किती वेळा चालतं, हेच तर बघायचं होतं. पहिल्यांदा शंभरात ऐंशी भाग माल मिळाला, मग चौऱ्याहत्तर, मग सहासष्ट.

तिसऱ्या फेरीनंतर भुकटी काळीठिक्कर पडली. दुसऱ्या दिवशी नागपूरचे मोठे सर बघायला येणार होते. घरी पाणी भरायचा तांब्याचा गुंड जरा काळा दिसला तर बाईंची सासू दिवसभर टोचून बोले. मग परका माणूस ही भुकटी बघून काय म्हणेल? बाजाराच्या पिशवीत चिंच होती. बाईंनी कोळ केला, भुकटी त्यात चोळली, खळखळून धुतली. तांबं लखलखलं.

चौथ्या फेरीला एकोणऐंशी आले. सर हरखून पाहुण्यांना म्हणाले, हे तांबं थकतच नाही.

शिपाई मुखरू म्हणाला, "बाई, आता तुमच्या हाताले इनाम भेटन."

बाई हसल्या. चिंचेची करामत त्यांना तेव्हाच उमगली होती, तरी हसल्या.

महिनाभर सर नागपूरच्या चर्चासत्रासाठी लिहीत होते. इकडे पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, बाई अडखळायच्या. आपण बोललो कुठं, गप्पच तर राहिलो, असं त्या मनाला समजवायच्या. मन ऐकत नसे.

सर निघायच्या आदल्या दिवशी त्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, ते तांबं मी चिंचेनं धुतलं होतं. काळं दिसे, मले लाज वाटली."

सरांनी पेन खाली ठेवलं. "चिंच किती होती?"

"मोजली नाई."

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं?"

"तुमी खुश झाले, सर. मंग मायं तोंडच नाई उघडलं."

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नागपूरला गेले नाहीत. नव्या भुकटीवर चारही फेऱ्या त्यांनी पुन्हा केल्या. गाळणं-धुणंसुद्धा स्वतःच्या हातानं. बाई मोरीपाशी नुसत्या उभ्या असायच्या.

या खेपेला चौथ्या फेरीला एकोणसाठ आले. सरांनी वहीतल्या जुन्या आकड्यावर रेघ मारली, नवा लिहिला आणि वही बाईंपुढे सरकवली.

"पाचव्या फेरीले तुमी धुवा," ते म्हणाले.

बाईंनी हो म्हटलं. पण मान काही वर झाली नाही.