रापणीचा वाटा

कधी छातीत धडधड उधळायची आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, गुणदोषही सांगितले. ठोके ताळ्यावर येतील, चक्कर येऊन पडण्याची भीती कमी होईल. पण थायरॉइड, फुप्फुसं तपासत राहावी लागतील, आणि ऊन सोसणार नाही, कातडी भाजेल. "उन्हात जाणं टाळाल ना?" मी मान हलवली. देवबागेत राहून ऊन टाळायचं म्हणे!

ओरोसच्या इस्पितळातून परतताना एसटीत तेच तोलत बसले. हे गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. मुलगा रविवारी फोनवर "गोळ्या घे" म्हणतो. माझी माणसं सगळी रापणीवर. किनाऱ्यावरून ते लांबलचक जाळं सगळ्यांनी मिळून ओढायचं आणि "दोराक हात लावीत तेका वाटो," हा नियम. माझ्या हातांत जोर तो किती! पण मासळीचा वाटा मिळायचा, वर टोमणेही. "काकी, दोर ओढतंस की धरून झोपतंस गो?"

गोळी नकोच, मेले तर दोरावरच मरेन, असं आधी ठरवलं. मग वाटलं, मी वाळूत पडले तर बिचाऱ्यांची रापण वाया जायची. गोळी सुरू केली.

यांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल, असा जामानिमा करून गेले. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. पण दोर हातांनीच ओढतात. ते हात लालभडक झाले, सोलले. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडली आहे, ती नको सोडायला; ऊन सोडा.

आता ठोके अगदी शहाण्यासारखे पडतात. पडवीत बसून मी लांबून आरोळ्या ऐकते. फार एकटं वाटतं.

परवा रापणीवरचा एक जण दारात आला. केळीच्या पानात बांगडे. "काकी, तुझो वाटो."

"मी खंय हात लावलंय रे?"

"येवक जमणा नाय तेंचो काढतंव आमी."

ठाऊक होतं मला. शेजारच्या आंधळ्या म्हातारीला तो वाटा कितीदा मीच पोचवला होता. मासळी बाजूला ठेवून ती आधी विचारायची, दोरावर कोण कोण होतं? मी दोन नावं सांगून निघायचे.

बांगडे ताजे होते, नेहमीपेक्षा जास्तच. तो वळला तशी मी घाईनं विचारलं, "आज दोरार कोण कोण होता रे?"

"सगळीच होती," म्हणाला आणि गेला.