धोंडीबाचं घोरणं

दवाखान्याचं शटर उचलण्याआधी सुधाकरराव रोज दोन्ही तळहात एकमेकांवर घासायचे. भर मे महिन्यातही, जेव्हा तेलंगणातल्या आमच्या जैनथच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. गार हात जनावराला लावू नये, एवढंच त्याचं कारण. ढोरांच्या सरकारी दवाखान्यात ते अटेंडर होते. डॉक्टरांशी तेलुगूत बोलायचे, व्यापाऱ्यांशी हिंदीत आणि ढोरांशी मराठीत. बैल कोणत्याही गावचा असो, "उभा राह्य ना बाप्पा, झालंच आता," असं त्याच्या कानाशी म्हटलं की तो उभा राहायचा.

गावात मात्र त्यांची ओळख गोष्टी सांगणारा माणूस अशी होती. गोष्टी पुष्कळ होत्या, पण लोक फिरून एकच मागायचे. बंडीची.

आमच्याकडे होळीसाठी लाकूड मागत नाहीत, चोरतात. एकदा होळीवर चढलेलं लाकूड मालकाने परत न्यायचं नाही, आणि ज्याच्या घरून सगळ्यांत मोठं लाकूड गेलं त्याच्याच हातून होळी पेटवायची. चोरी आणि मान एकाच घरी जातात. सुधाकरराव आणि धोंडीबा तरुण होते तेव्हा धोंडीबाच्या अंगणात एक मोडकी बंडी, म्हणजे बैलगाडी, पडून होती. त्याचा बाप ती दुरुस्त करायचा नाही आणि कोणाला हातही लावू द्यायचा नाही. सुधाकररावांनी पोट्टे जमवले. आखाला एरंडीचं तेल पाजलं, चाकांना पोती गुंडाळली आणि बंडी सुटी करून एकेक भाग बाहेर काढला. धोंडीबा अंगणातच बाजेवर झोपला होता. म्हणजे झोपला नव्हता. लाकूड कुरकुरलं की तो मोठ्याने घोरायचा, कुरकुर थांबली की गप्प व्हायचा. आत बापाला फक्त पोराचं घोरणं ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी होळी त्याच बापाने पेटवली, शिव्या देत देत.

सुधाकरराव ही गोष्ट ऑटोची वाट बघताना सांगायचे, लग्नाच्या मांडवात सांगायचे. शेवटी धोंडीबाकडे बोट करून म्हणायचे, "आमी नुसते हमाल. खरा चोर बाजेवर होता." धोंडीबा लाजून टोपी डोळ्यांवर ओढायचा. दोन एकर कापूस, गुडघेदुखी आणि ही गोष्ट, एवढीच त्याची मिळकत होती. तिसरी सुधाकररावांच्या तोंडून त्याला मिळायची.

सुधाकररावांचा पुतण्या जयदीप पुण्यात एका मराठी मालिकेसाठी लिहायचा. मालिकेत एक अंतराळयान होतं आणि ते दर आठवड्याला नव्या ग्रहावर उतरायचं. एका भागासाठी त्याला चोरीची कथा हवी होती. लहानपणी ऐकलेली बंडी त्याला आठवली.

फोन आला तेव्हा सुधाकरराव दवाखान्यात होते. जयदीप म्हणाला, पडद्यावर तुमचं नाव येईल. मग म्हणाला, "काका, मालकच जागा असेल तर चोरीत थरार काय राहिला? त्याला खरंच झोपलेला दाखवू का? आणि नाव धोंडूच ठेवतो. लोक हसतील."

सुधाकरराव पडद्यावरच्या आपल्या नावाचाच विचार करत होते. म्हणाले, "तुले जमते तसं कर. झोपलेलाच दाखव."

त्या रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात टीव्ही मांडला गेला. सुधाकररावांनी घरोघर जाऊन बोलावणं केलं होतं. धोंडीबा धुतलेली टोपी घालून आला. त्याला पुढची खुर्ची दिली.

भाग सुरू झाला. एका काळ्या ग्रहावर काचेची तिजोरी, तिच्यात निळा उजेड. तो उजेड चोरायचा होता. चोर एका टेबलाभोवती उभे राहून योजना सांगू लागले. सांगून झालं की यंत्रमानव तेच पुन्हा सांगायचा.

"हे लोक चोरी करून राह्यले का ग्रामसभा?" मागून गयाबाई म्हणाली.

"दम धर ना मावशी."

"येवढ्या टायमात आमच्या पोट्ट्यायनं अर्दं गाव उचललं असतं."

हशा पिकला. सुधाकररावही हसले, थोडे उशिरा. मग तिजोरीचा पहारेकरी आला. पोट सुटलेला, तोंडातून लाळ गळणारा. धोंडू. तो घोरू लागला. चोरांनी त्याच्या कमरेची किल्ली काढली, एकाने त्याच्या नाकात पीस घातलं, दुसऱ्याने त्याच्या डोक्यावर बादली ठेवली. धोंडू उठला नाही. शेवटी यंत्रमानवाने सांगितलं की हे सगळं त्याला आधीपासून ठाऊक होतं, आणि उजेड यानात पोचला. कोणाला भीती वाटली नाही, कोणाचा जीव टांगणीला लागला नाही. भागभर जिवंत वाटलं ते फक्त घोरणं, आणि तेही खोटं.

नावं सरकू लागली. 'मूळ कल्पना : सुधाकरराव, जि. आदिलाबाद.' कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक पडद्याकडे बघत नव्हते, पुढच्या खुर्चीकडे बघत होते.

धोंडीबा उठला. "टीव्ही मस्त हाय," म्हणाला. "चालतो मी. गाय घरी एकटी हाय."

दुसऱ्या दिवसापासून तो रस्त्याने निघाला की पोरं ओट्यावरून घोरायची. बस थांब्यावर चंपतरावांनी त्याला विचारलं, "काऊन रे, तुह्या दोस्तानंच तुह्यावर बादली पालथी घातली का?"

"त्याचा काय दोष?" धोंडीबा म्हणाला. "पुण्याच्या पोट्ट्यानं केलं थे. सुधाकरले इचारलं असतं तर त्यानं होऊच देलं नसतं."

सुधाकररावांनी हे थांब्याशी उभ्या ऑटोत बसल्या बसल्या ऐकलं. ते खाली उतरले नाहीत. त्यानंतर त्यांनी गोष्ट सांगितली नाही, ही नाही आणि दुसरीही नाही. कोणी फारच गळ घातली तर म्हणायचे, "आठवत नाही आता." दवाखान्यातून घरी येताना ते नाल्याकडच्या लांबच्या वाटेने येऊ लागले. त्या वाटेवर धोंडीबाचं घर लागत नव्हतं. घरी जयवंताबाईंनी विचारलं, "पाय दुखते म्हणता अन् फेरा काऊन घेता?" त्यावर त्यांनी ताट पुढे ओढलं.

दिवाळीनंतर एका दुपारी धोंडीबाची गाय विताना अडली. डॉक्टर बोथ गावी गेले होते. निरोप आल्यावर सुधाकररावांना ते घर टाळता आलं नाही. धोंडीबाने गाय धरली, सुधाकररावांनी कोपरापर्यंत हात आत घातला. वासराचा पाय दुमडला होता. तो सरळ करता करता, धोंडीबाकडे न बघता, ते म्हणाले,

"जयदीपनं मले इचारलं होतं."

"काय?"

"तुले जागा दाखवाचं का झोपलेला. मीच म्हणलो, झोपलेला दाखव."

गाय कण्हली. धोंडीबाचा हात तिच्या मानेवर फिरत राहिला.

"नावाचंबी इचारलं?"

"हो."

धोंडीबाने गायीचं दावं आखूड धरलं. मग धोंडीबा म्हणाला, "आता वासराकडे ध्यान द्या."

वासरू जिवंत निघालं. धोंडीबाने स्वतः ऊन पाणी आणलं, नवा साबण आणला, पेटीतला टॉवेल काढला. सरकारी माणसाचं करतात तसं सगळं केलं. हात पुसून झाल्यावर म्हणाला, "तुमी आले म्हणून निभावलं, सुधाकरराव. चहा घेता का?"

शाळेत बरोबर बसलेल्या, एका बिडीत दोघं भागवणाऱ्या माणसाने त्यांना प्रथमच 'तुमी' म्हटलं होतं. सुधाकररावांनी चहा घेतला. शिवी ऐकायची तयारी करून गेलेला माणूस मान घेऊन घरी आला आणि ओट्यावर दिवेलागणीपर्यंत बसून राहिला. जयवंताबाईंना एवढंच म्हणाले, "त्यानं मले शिवी देली असती तर बरं झालं असतं."

धोंडीबाने पुढेही सगळं रीतीने केलं. वाटेत भेटला की थांबायचा, तब्येत विचारायचा. तुमी, सुधाकरराव, या, बसा. गावाला वाटलं, मिटलं. पोरंही घोरायची विसरली. त्या वर्षीच्या होळीला सुधाकरराव गेले नाहीत. दारातून जाळ दिसत होता, तिकडे पाठ करून बसले.

उन्हाळ्यात त्यांचं काळीज थकलं. आदिलाबादच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी फारसं काही सांगितलं नव्हतं. धोंडीबा रोज सकाळी यायचा. खुर्ची बाजेपासून थोडी लांब ठेवून बसायचा आणि विचारायचा, "कसं वाटते, सुधाकरराव?" सुधाकरराव त्याला तूच म्हणत राहिले. ते त्यांना बदलता आलं नाही. एकदा काही सांगायला उठून बसले, पण धोंडीबाने "तुमी पडून राहा" म्हटल्यावर परत आडवे झाले.

शेवटच्या सकाळी धोंडीबा नेहमीच्याच जागी बसला होता. खिडकीतलं ऊन सरकत सरकत खुर्चीवर आलं. सुधाकररावांनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खुर्ची इकडं घे रे धोंडीबा, तुह्या पाठीवर ऊन येऊन राह्यलं."