दादाच्या क्लासमधली पुढची जागा

आज सकाळी दादाचा संगीताचा क्लास मी घेतला. घ्यावा लागला. दादा गेल्यावर, तेरवी झाली तेव्हाच मी पालकांना क्लास बंद म्हणून कळवलं होतं. तरी आज मुलं अंगणात येऊन उभी होती.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. माझा मोठा भाऊ उमरखेडच्या एका बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायचा, मी ढोल. बोंडअळीने कापूस गेला, लग्नातले बँड कमी झाले आणि पार्टी मोडली. मी दुकानात कामाला लागलो. दादा घरीच मुलांना पेटी शिकवू लागला.

मी सतरंजी टाकली. कोणी बसेना.

"काका, बसून काहून?" प्राची म्हणाली. "सर आधी चालवत होते आमाले."

दादा ताल वरातीसारखा शिकवायचा. मुलं रांगेत पावलं टाकत मात्रा मोजायची. तो त्यांच्याकडे तोंड करून उलटा चालायचा, बँडमास्तर चालतो तसा.

मुलांनी रांग केली. पुढची जागा रिकामी ठेवली.

"मले नाही जमत उलटं चालणं," मी म्हणालो. "मी ढोलवाला, मागं राहणारा."

"तुमी मागं तुळशीपाशी आले की आमी सांगतो ना!" मुलं म्हणाली.

मी उलटा चाललो. अडखळलो, मुलं हसली, पण ताल सुटला नाही. वहिनी दारात येऊन बघत राहिली. जाताना मुलांनी उद्याची वेळ विचारली. मी नेहमीचीच सांगितली.

ताल मी शिकवीन. पेटी मात्र मला येत नाही, दादाकडून शिकायची राहून गेली. उमरखेडकडे मोठ्या माणसांना पेटी शिकवणारं कोणी आहे का?