टेकाडापलीकडची गोळी

आमच्या यांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक सचिवालयातली नोकरी आणि दुसरी शिकारीची रायफल. शिकारीला तेव्हा परवाना मिळायचा. करोल बागेतल्या आमच्या दोन खोल्यांत माझ्या शिलाई मशीनला जागा नव्हती, रायफलीला मात्र स्वतंत्र कपाट होतं. त्या वर्षी यांनी तिच्यावर नवी दुर्बीण बसवून घेतली आणि खंडेनवमीला पूजा मांडली. नुसतं हळदकुंकू वाहून भागलं नाही. दुर्बीण उतरवली, ती धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू काढले, प्रत्येक भागाला आतून-बाहेरून तेलाचं बोट लावलं आणि सगळं पुन्हा जोडलं. "माझ्या डोक्याला कधी एवढ्या प्रेमाने तेल लावलं नाहीत," असं मी म्हटलं, तर हसलेसुद्धा नाहीत.

दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून मित्राची जीप मागून आम्ही गुडगावच्या पुढे मानेसरच्या टेकड्यांकडे गेलो. तिकडे तेव्हा बाभळी, दगड आणि मोर, एवढंच होतं. नव्या दुर्बिणीचा नेम जुळवायला एका बुटक्या टेकाडाला टेकवून यांनी पुठ्ठा उभा केला. माझं काम सोपं होतं. गोळी सुटली, यांनी रायफल रिकामी करून बाजूला ठेवली, की मी जाऊन भोक कुठे पडलंय ते बघून यायचं.

पहिलं भोक खाली पडलं. यांनी दुर्बिणीची चकती फिरवली. पुढचं आणखी खाली, त्याच्या पुढचं एकदम डावीकडे. "वारा असेल," म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं. मग रायफलीखालची वाळूची पिशवी सारखी करून झाली, चष्मा पुसून झाला, श्वास रोखून झाला, शेवटी गाडी माझ्यावर घसरली. "तू नीट बघत नाहीस." मी नीटच बघत होते, आणि म्हणूनच घाबरले होते. दर खेपेला भोक भलत्याच जागी. नेम धरणाऱ्यालाच गोळी कुठे जाणार ते ठाऊक नाही, आणि तरी तो चाप ओढतोय. "पुरे, अहो, घरी जाऊ," मी म्हटलं.

"एकच," हे म्हणाले आणि चकती बरीच वरच्या बाजूला फिरवली.

आवाज झाला. मी पुठ्ठ्यापाशी गेले. नवं भोक नव्हतं. टेकाडाच्या मातीत शोधलं, तिथेही खूण नव्हती. आणि तेवढ्यात टेकाडाच्या पलीकडून शेळ्या ओरडायला लागल्या.

शेळ्या आहेत म्हणजे त्यांना राखणारं कुणीतरी आहे. मागे वळून पाहिलं, तर यांनाही शेळ्या ऐकू आल्या होत्या. रायफल जमिनीवर होती, आणि हे तिच्याशेजारी गुडघ्यांवर तसेच, उठायचंही विसरून गेलेले. मीच चढले. वर पोचल्यावर काय दिसेल ते पाहायचं नव्हतं. देवा, शेळी असू दे, एखादी शेळी मेली असू दे, असं मी चक्क म्हणत होते.

खाली एक म्हातारी उभी होती. शेळ्या चौफेर उधळलेल्या. तिच्याजवळच्या दगडाचा ताजा टवका उडाला होता. मी धावत जाऊन तिचे खांदे, हात, पाठ चाचपायला लागले. कुठे रक्त नव्हतं.

"के होया, बेटी?" ती म्हणाली. मी तिला चाचपतच राहिले. तिनेच मला धरून खाली बसवलं आणि आपल्या लोट्यातलं पाणी पाजलं. "डर गई? कोई पटाखा था." तिला काही कळलंच नव्हतं, आणि सांगायची माझी छाती झाली नाही.

परतीच्या वाटेवर मी यांना म्हातारीचं आणि दगडाच्या टवक्याचं सांगितलं. घरी आल्यावर यांनी दुर्बीण उतरवली, आणि यांचा चेहरा एकदम उजळला. "हे बघ! कड्यांच्या आत तेल. तिथे कोरडंच पाहिजे. दर धक्क्याला दुर्बीण सरकत होती. पूजेच्या नादात मीच घोळ घातला." चिंधीला स्पिरिट लावून कड्या पुसल्या, स्क्रू आवळले. "आता बघ कशी बसते. रविवारी परत तिथेच जाऊ. भोकं बघायला येशील ना?"

"येईन," मी म्हटलं. "पण मी टेकाडाच्या पलीकडे बसेन. त्या म्हातारीपाशी."

"वेडी आहेस का? पलीकडे माणूस असताना मी गोळी कशी..."

बोलता बोलता थांबले. स्क्रू-ड्रायव्हर हातातच राहिला.