सांगाड्यांचा क्लास, मंगफ

लिनोलियम कोरायला बसलं की त्याचा बारीक चुरा पडतो. कितीही झाडा, आठवड्याने सोफ्याखाली सापडतोच. लुपेच्या क्लासचे किस्सेही माझ्याकडे असेच साठलेत. कुणी नुसतं "मंगफला कशा होतात?" विचारलं तरी चार बाहेर पडतात. मला मात्र त्यातले निम्मे अजूनही नीट कळलेले नाहीत!

*

लग्नानंतर कुवेतला, मंगफ भागात राहायला आले, तेव्हा शेजारच्या फ्लॅटमध्ये मेक्सिकोची लुपे राहायची. ओळख करून घ्यायला बेल दाबली. दार उघडलं आणि मी किंचाळलेच! भिंतभर सांगाडे. एक हॅट घालून, एक सायकलवर, एक चक्क हनुवटी खाली पाडून हसतोय.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"कुणी नाही! सगळे ठणठणीत आहेत. हा माझा दीर, हा आमच्या गावचा नगराध्यक्ष."

त्यांच्याकडे म्हणे नोव्हेंबरात जिवंत माणसांचे सांगाडे काढतात, खाली चार ओळींत टिंगल लिहितात, छापतात आणि वाटतात.

"म्हणजे ग्रीटिंग कार्ड?"

"हो. फक्त खरं!"

*

मी बॉटनीवाली, जर्नलमध्ये आकृत्या काढायची सवय. लुपे घरीच क्लास घ्यायची, लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर छापायचा. तिने मला धरूनच बसवलं. सामान आणायला राई नावाच्या बाजारभागात गेलो, फरशी-लिनोलियमच्या शोरूममध्ये.

"मॅडम, हॉल कितना बड़ा है?" सेल्समनने विचारलं.

मी घाबरून दोन्ही हातांनी वहीएवढा आकार दाखवला.

त्याने टेप काढून माझ्या हातांमधलं अंतर मोजलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, उसमें कौन रहेगा?"

आता "सांगाडा" कसं सांगणार! मी नुसती पर्स उघडली. त्याने बिचाऱ्याने तुकडा फुकट दिला.

*

क्लासला तिसऱ्या होत्या नीलिमाताई, नाशिकच्या, इथल्या हॉस्पिटलात नर्स. लुपेने त्यांना वाढदिवसाला त्यांचाच सांगाडा दिला. हातात भलीमोठी सुई, समोर पळणारे पेशंट सांगाडे.

मला वाटलं, आता ताई रडणार. वाढदिवसाला असलं अभद्र!

ताईंनी चष्मा पुसला, चित्र जवळ घेतलं. "अगं लुपे, यांना मी सुई टोचू कुठे? मांस तरी ठेवायचंस!"

आणि फ्रेम करून वॉर्डात लावलं. म्हणे पेशंट तेव्हापासून आपणहून बाही वर करतात.

*

माझं पहिलं चित्र म्हणजे पाहुण्यांना कॉफी देणारा सांगाडा. छापल्यावर उलटं उमटतं, हे मला ठाऊक होतं. पण कोरायच्या नादात पार विसरले. कॉफी डाव्या हाताने!

बिल्डिंगचा इजिप्शियन हारिस, म्हणजे वॉचमन, दिवा बदलायला आला होता. त्याने चित्र पाहिलं आणि मान हलवली. "मादाम, मेला ते ठीक. पण रीत विसरला!"

*

आणि आता देवधर साहेब.

माझा नवरा मंदार तेव्हा प्रोबेशनवर होता. त्याचं कन्फर्मेशन देवधर साहेबांच्या हातात. झालं नाही तर बिस्तरा गुंडाळून पुण्याला परत! मला तर झोप लागेना. लुपेला सांगितलं, तर ती म्हणाली, "ज्याची भीती वाटते त्याचाच सांगाडा काढायचा. हाच तर उपयोग आहे!"

साहेबांची ख्याती अशी, की प्रत्येक मीटिंगला स्वतःचा थर्मास आणायचे आणि कुणालाही न विचारता एकटे चहा प्यायचे. मी तेच कोरलं. खिशात चार पेनं, हातात थर्मास, भोवती रिकामे कप धरलेले बारके सांगाडे. नाव लिहिलं नाही.

लुपेने मला न विचारता ते मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातल्या प्रदर्शनात टांगलं!

"अगं, तू आपल्याला पुढच्या विमानात बसवतेस!" मंदार म्हणाला. तो काढायला धावला, तोच देवधर साहेब चित्रासमोर उभे. काखेत थर्मास.

मी मंदारच्या मागे सरकले.

साहेब वाकले. निरखून पाहिलं. आणि खो खो हसत सुटले. "अरे मंदार, हे तर आपले मुदीर! काय हुबेहूब!"

मुदीर म्हणजे कंपनीचे सगळ्यात मोठे कुवेती साहेब. तेच त्या दिवशी प्रमुख पाहुणे होते आणि तेवढ्यात मागे येऊन उभे राहिले. देवधर साहेबांचं हसू जागच्या जागी थिजलं.

मुदीरांनी चित्राकडे पाहिलं. मग देवधर साहेबांच्या काखेकडे पाहिलं. मग पुन्हा चित्राकडे.

"हू मेड धिस?"

"माय वाइफ, सर," मंदार म्हणाला, राजीनामा द्यावा तशा आवाजात.

"व्हेरी गुड. टू कॉपीज, प्लीज. वन फॉर माय ऑफिस." आणि ते फराळाकडे निघून गेले.

ते लांब गेल्यावर साहेब माझ्याजवळ आले. कपाळावर घाम. "वहिनी, थोडक्यात वाचलो हो! त्यांनी स्वतःला ओळखलंच नाही! पण धाडस आहे तुमचं. मंदारचं कन्फर्मेशन उद्याच करून टाकतो."

मी "थँक्यू" म्हणत शेजारची खुर्ची पुढे केली.

साहेब खुर्चीत बसले, थर्मासचं झाकण फिरवून काढलं, त्यात वाफाळता चहा ओतला, आमच्या दोघांकडे बघून समाधानाने हसले आणि एकटेच प्यायले.