पाहुणीसाठी पांढरी केलेली विहीर

आमच्या डिचोलीच्या कॉलेजात परदेशी मदतीचा अभ्यासक्रम आला, तेव्हा सगळ्यांत जास्त नाक मी मुरडलं. भूगोल विभागाचा प्रमुख मी, तीस वर्षं शिकवलेला माणूस. सातासमुद्रापलीकडचं एक विद्यापीठ पैसे आणि प्रशिक्षण देणार. आम्ही टिपणं सांगायची सोडून मुलांना गावात न्यायचं, मोजायला आणि विचारायला शिकवायचं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं आणखी एक खूळ, असं मी स्टाफरूममध्ये उघड म्हणायचो.

अभ्यासक्रम चालवायला पार्से गावची एक तरुण प्राध्यापिका कंत्राटावर घेतली. माझ्या मुलीच्या वयाची. सप्टेंबरपासून ती दर महिन्याला मुलांना मुळगावच्या विहिरींवर नेई. पाणी किती खाली गेलं ते मोजायचं, वहीत लिहायचं, आणि पायऱ्यांच्या कडेला भिंतीवर त्याच उंचीला लाल रंगाची रेघ ओढायची. उन्हात रापून काळी पडली पोरगी, पण एक महिना चुकवला नाही.

मेमध्ये मूल्यमापन करायला परदेशातून एक बाई येणार होती. तिचा शेरा बरा आला तर अभ्यासक्रम पुढं चालणार, नाहीतर जूनपासून बंद. बंद झाला की प्राध्यापिकेची नोकरीही गेली.

आता आमच्याकडची रीत अशी, की पाहुणा यायचा म्हटला की आधी भिंतीला हात मारायचा. तुळशीला रंग, ओट्याला रंग. प्राध्यापिका दोन दिवस घरी गेली होती. पाहुणीला दाखवायची विहीर बघायला म्हणून मी मुळगावला गेलो, तर सगळीकडे शेवाळ आणि वर त्या लाल रेघोट्या. मला लाज वाटली. आकडे वहीत आहेत, मग भिंतीवर कशाला? दोन माणसं लावली, भिंत खरवडून घेतली आणि वरपासून पाण्यापर्यंत पांढराशुभ्र चुना मारून घेतला. स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

पाहुणी आली. साठीची, उंच, पायांत साध्या चपला. शाल-श्रीफळ तिनं हसून बाजूला ठेवलं आणि तडक पायऱ्या उतरली. मग वर बघून म्हणाली, "वहीत आकडे कोणीही लिहील. रेघा कुठं आहेत?"

मुलांनी घरी एका बैठकीत लिहून आणलेल्या किती प्रकल्पवह्यांवर मी स्वतः सही केली होती, ते मलाच ठाऊक. करायला गेलो गणपती आणि झालं माकड.

प्राध्यापिकाही तो चुना तेव्हाच पहिल्यांदा बघत होती. तिचा चेहरा उतरला. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. गावात कोणी पुसल्या कुणास ठाऊक, असं सांगता आलं असतं. माझं नाव घेता आलं असतं. ती म्हणाली, "आमच्याकडूनच पुसल्या गेल्या. आता ही वही खरी आहे हे मी दाखवू शकत नाही."

नोकरी पणाला लागलेली असताना हे बोलायला काळीज लागतं. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची शरम. मी पुढं होऊन सांगितलं, "चुना मी मारायला लावला. तुम्ही येणार म्हणून." पाहुणी रागावली नाही. तिनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं, याचाच मला जास्त धसका बसला.

विहिरीच्या मालकाची बायको इतका वेळ कठड्याला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "एप्रिलात पंप वारो ओढूंक लागलो, म्हणान आमी पायपाक तुकडो जोडलो. तो सांदो बघा मगे." म्हणजे एप्रिलात पाणी जुन्या पायपाच्या टोकाखाली गेलं होतं. पाहुणी पुन्हा खाली उतरली, गुडघे टेकून त्या सांध्यापर्यंत टेप धरला. एप्रिलचा आकडा जुळला. बाकीच्या महिन्यांवर तिनं सरळ काट मारली. विहिरीच्या बाईला मात्र ती प्राध्यापिकेकरवी तासभर प्रश्न विचारत बसली, उंडे पाव आणि पातळ भाजी तिथंच खाल्ली. माणसाची पारख करायची तर अशी करावी, हे मी त्या दिवशी कबूल केलं.

महिन्याभरानं अहवाल आला. प्राचार्यांच्या खोलीत प्राध्यापिकेनं तो मोठ्यानं वाचला. या विहिरीचे आकडे धरू नयेत. अभ्यासक्रम चालू ठेवावा, कारण तो शिकवणारी व्यक्ती स्वतःचं नुकसान होत असलं तरी खरं बोलते. आणि शेवटी एक अट होती: ज्येष्ठ अध्यापकांनी तिच्याकडे एक सत्र शिकावं. मी टाळी वाजवली, अगदी मनापासून.

जूनमध्ये मी तिच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसलो. मागं माझेच विद्यार्थी होते. तिनं हजेरी घेतली, खडू ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"सर, ती भिंत पांढरी करण्यापूर्वी त्या रेघा कशासाठी, हे तुम्ही कोणाला विचारलं होतं?"

मी उभा राहिलो. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालो, "कोणालाच नाही."

"बसा," ती म्हणाली, आणि तास सुरू झाला.